नवी एसएसडी दिसत नाही म्हणून लगेच परत करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना पण धडधाकट लॅपटॉप हाताशी असलेल्या अनेकांनी तेव्हापासून दोन कामे एकाच बैठकीत उरकायला घेतली आहेत. फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेला वेगवान ड्राइव्ह) बसवायची आणि लगोलग विंडोज ११ किंवा लिनक्स टाकायची. बेत उत्तम आहे. हार्ड डिस्कवर रखडणाऱ्या लॅपटॉपला याहून गुणकारी उपाय नाही. पण अर्ध्या वाटेत पडद्यावर ‘एकही ड्राइव्ह सापडला नाही’ असा संदेश येतो आणि घरातला जाणकार ठरवून टाकतो की एसएसडीच खराब निघाली. ती परत जाते, दुसरी येते आणि तीही दिसत नाही. या चुकीच्या निदानापायी लोकांचे दिवस वाया जातात, कधी कधी सगळा डेटा उडतो. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

गाडी अडते तेव्हा ती नेमकी कुठे अडली हे आधी पाहावे. लॅपटॉपच्या बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ यंत्रणेला) एसएसडी दिसते का? तिथे दिसते, पण विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही का? इन्स्टॉलरला दिसते, पण तो तिच्यावर विंडोज टाकू देत नाही का? की सगळे टाकून झाले आणि आता लॅपटॉप तिच्यावरून सुरू होत नाही? या चारही ठिकाणची कारणे निराळी आणि उपायही निराळे. एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणी लावला तर होते ते नुकसानच.

पहिले ठिकाण बायोस. लॅपटॉप सुरू करताना एफ२, डिलीट, एस्केप किंवा एफ१० यांपैकी कंपनीनुसार एक कळ दाबली की बायोस उघडते. तिथे स्टोरेजच्या पानावर एसएसडीचे नाव नसेल, तर विंडोजचा अजून काही संबंधच आलेला नाही. पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा बनवून उपयोग नाही. दोष बसवण्यात आहे किंवा निवडीत.

निवडीची चूक फार होते. एम डॉट टू हे पट्टीसारख्या एसएसडीच्या फक्त आकाराचे आणि जोडणीचे नाव आहे. त्यापुढचे २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब, एवढाच त्याचा अर्थ. त्याच आकारात साटा या जुन्या पद्धतीची एसएसडी येते आणि एनव्हीएमई या नव्या पद्धतीचीही येते. साटा साधारण ५५० मेगाबाइट प्रतिसेकंदापर्यंत जाते, एनव्हीएमई तिच्या कितीतरी पट. दोन खाचा असलेली पट्टी बहुतेक वेळा साटा असते, एक खाच असलेली बहुतेक वेळा एनव्हीएमई. पण दोन खाचांच्या काही एनव्हीएमई पट्ट्याही आहेत, त्यामुळे खाचा मोजून थांबू नये, लेबल वाचावे. गंमत अशी की दोन खाचांची साटा पट्टी एनव्हीएमईच्या जागेत व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, आणि तरी बायोसला तिचा पत्ता नसतो, कारण त्या जागेला साटाची जोडणीच दिलेली नसते. उलट प्रकारही होतो. लॅपटॉपच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्या जागेत काय चालते हे स्पष्ट लिहिलेले असते. खरेदीआधी पाच मिनिटे ते पाहिले तर पुढचा सगळा खटाटोप वाचतो. चौथ्या पिढीची एनव्हीएमई तिसऱ्या पिढीच्या जागेत मात्र बिनतक्रार चालते, वेग तेवढा कमी मिळतो.

बसवताना आधी चार्जर काढावा, मागचे झाकण उघडताच बॅटरीची जोडणी सोडवावी. पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात जागेत सरकवायची आणि शेवटपर्यंत दाबायची. सोनेरी टोके जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजेत. मग मोकळे टोक अलगद खाली दाबून छोटा स्क्रू लावायचा. पट्टी पूर्ण आत गेली आहे की नाही हे त्या टोकाच्या अर्धगोल खाचेवरून कळते. ती खाच खालच्या पितळी उंचवट्याशी तंतोतंत जुळायला हवी. केसभर जरी अलीकडे राहिली तरी स्क्रू ओढून लावू नका, पट्टी काढून पुन्हा सरकवा. बायोसमध्ये न दिसणाऱ्या एसएसडीपैकी बऱ्याच या एका दुरुस्तीने दिसू लागतात. तरीही दिसली नाही तर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोस अपडेट करून पाहावे. यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) नसलेल्या फार जुन्या लॅपटॉपांसाठी अडीच इंची साटा एसएसडीच घ्यावी. एनव्हीएमई तिथे बसवलीच तरी तिच्यावरून यंत्र सुरू होण्याची आशा धरू नये.

आता पेनड्राइव्हविषयी. किमान ८ जीबीचा हवा, आणि त्यावर जे काही असेल ते पुसले जाणार हे गृहीत धरायचे. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तो बनवला तर डोकेदुखी कमी. आयएसओ फाइल (इन्स्टॉलच्या सगळ्या फायली एकत्र बांधलेली फाइल) उतरवून आतल्या फायली हाताने कॉपी करणारे हमखास एका जागी अडकतात. यूईएफआयला पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो, फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि आयएसओमधली इन्स्टॉलची मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. रूफससारखे साधन हा तिढा आपोआप सोडवते. त्यात पार्टिशनची, म्हणजे डिस्कचे भाग आखण्याची, पद्धत जीपीटी आणि लक्ष्य यूईएफआय निवडावे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करताना घडते. बूट मेन्यूत (कशावरून सुरू करायचे ते विचारणाऱ्या यादीत) तोच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नावापुढे ‘यूईएफआय’ लिहिलेला आणि एकदा नुसता. घाईत नुसता निवडला की इन्स्टॉलर जुन्या पद्धतीने सुरू होतो. पुढे पाऊण तासाने जो त्रास होतो त्याचे मूळ या एका निवडीत असते. नेहमी यूईएफआय असलेलाच निवडा.

दुसरे ठिकाण म्हणजे बायोसला दिसते पण इन्स्टॉलरला दिसत नाही. ‘विंडोज कुठे टाकायची’ या पानावरची यादी कोरी. सर्वांत जास्त एसएसडी विनाकारण परत जातात त्या इथूनच. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची सोय कारखान्यातूनच चालू असते. एसएसडी विंडोजला थेट दिसण्याऐवजी या व्हीएमडीच्या आडून दिसते. तिच्याशी बोलायला इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर लागतो आणि विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये तो बहुधा नसतो. एसएसडी जागेवर असते, धडधाकट असते, फक्त तिच्या दाराची किल्ली इन्स्टॉलरकडे नसते.

किल्ली द्यायची तर आपल्याच मॉडेलच्या सपोर्ट पानावरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवावा. बहुतेक जण इथे एक चूक करतात. उतरवलेली सेटअपची ईएक्सई फाइल तशीच पेनड्राइव्हवर टाकतात. इन्स्टॉलरला ती कळत नाही. ती आधी दुसऱ्या संगणकावर उलगडावी लागते. इंटेलच्या सेटअपला कमांडमध्ये ‘-एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स’ असा पर्याय आणि पुढे फोल्डरचे नाव दिले की तो ड्रायव्हर त्या फोल्डरात काढून ठेवतो. (या पत्रातल्या कमांडचे शब्द इंग्रजी लिपीतच टाइप करायचे आहेत.) आत आयएनएफ, एसवायएस आणि कॅट अशा प्रकारच्या फायली दिसल्या की काम झाले. तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर टाकायचा, कोऱ्या यादीच्या पानावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबायचे आणि तो फोल्डर दाखवायचा. नावात व्हीएमडी असलेला ड्रायव्हर निवडला की काही क्षणांत एसएसडी यादीत येते. न जुळणारे ड्रायव्हर लपवण्याची खूण तशीच राहू द्यावी. ती असताना काहीच दिसले नाही, तर तुम्ही दुसऱ्याच पिढीचा ड्रायव्हर आणला आहे.

दुसरा मार्ग बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा. लॅपटॉपात एकच नवी, कोरी एसएसडी असेल आणि रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडण्याची सोय) किंवा ऑप्टेन (इंटेलची वेग वाढवणारी मेमरी) वापरायचे नसेल, तर माझ्या मते हाच सोपा आणि पुरेसा मार्ग आहे. एसरच्या अनेक मॉडेलांत हा पर्याय लपवलेला असतो. बायोसच्या मेन पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर तो दिसतो. मात्र जुनी विंडोज असलेला ड्राइव्हही त्याच लॅपटॉपात राहणार असेल तर थांबा. व्हीएमडी चालू असताना टाकलेली विंडोज ते बंद केल्यावर निळा पडदा दाखवते आणि बूट करायचा ड्राइव्ह हाती लागत नाही अशा अर्थाचा संदेश देते. घाबरून फॉरमॅट मारू नका. व्हीएमडी पुन्हा चालू केले की ती पूर्वीसारखी उठते. एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपात व्हीएमडी नसतेच, त्यामुळे तिथे हा शोध घेऊ नये, रेडचा पर्याय चालू आहे का ते पाहावे. विंडोज ७ टाकू पाहणाऱ्यांना एवढेच सांगतो, की तिच्या मूळ इन्स्टॉलरमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर नाही आणि यूएसबी ३ चाही नाही. तो नाद सोडावा.

शंका उरलीच तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून पाहावा. काहीही इन्स्टॉल न करता तो चालतो, आणि लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, व्हीएमडीचा ड्रायव्हर असतो. तिथे ‘एलएसबीएलके’ ही कमांड दिली आणि एसएसडी यादीत आली, तर विंडोजला फक्त ड्रायव्हर हवा आहे हे जवळपास सिद्ध झाले. परत करण्याआधी ही दहा मिनिटांची परीक्षा प्रत्येकाने करावी असे मला मनापासून वाटते.

तिसरे ठिकाण: दिसते, पण टाकू देत नाही. संदेशात एमबीआरचे नाव असेल तर इन्स्टॉलर यूईएफआय पद्धतीने सुरू झालेला आहे आणि डिस्क जुन्या पद्धतीने आखलेली आहे. जीपीटीचे नाव घेऊन नकार येत असेल तर बरोबर उलटे, म्हणजे वर सांगितलेली बूट मेन्यूतली चूक झालेली आहे. अशा वेळी डिस्कला हात न लावता पुन्हा सुरू करून पेनड्राइव्हचा यूईएफआय पर्याय निवडावा.

डिस्क खरोखर जीपीटी करायची असेल तर इन्स्टॉलरच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबावे, काही लॅपटॉपांत सोबत एफएनही. कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडते. तिथे ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट डिस्क’. आता घाई करायची नाही. या यादीत नावे नसतात, क्रमांक आणि आकार असतात, आणि पेनड्राइव्हही त्याच यादीत असतो. ५१२ जीबीची एसएसडी ४७६ दिसेल, १ टीबीची ९३१. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. आकार ताडून ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तो क्रमांक, मग ‘क्लीन’, मग ‘कन्व्हर्ट जीपीटी’. ‘क्लीन’ एकदाही खात्री विचारत नाही, एंटर दाबताच पार्टिशनचा सगळा आराखडा जातो. म्हणूनच जुना ड्राइव्ह आधी काढून ठेवावा असा माझा आग्रह आहे. जे यंत्रात नाही ते चुकून पुसले जात नाही.

नवे पार्टिशन तयार करता आले नाही असा संदेश आला तर एसडी कार्ड, दुसरे पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क सगळे काढावे. नव्या डिस्कवरची पार्टिशने डिलीट करून नुसती रिकामी जागा निवडावी आणि पुढे जावे. १०० एमबीचे ईएफआय (बूटच्या फायलींसाठी), १६ एमबीचे राखीव, मुख्य आणि रिकव्हरी ही पार्टिशने विंडोज स्वतः करते. हाताने आखायला गेले की काहीतरी राहते.

फायली कॉपी होताना मध्येच अडकले आणि शेवटी ७०५७० असलेला त्रुटी क्रमांक आला, तर संशय आधी पेनड्राइव्हवर, मग उतरवलेल्या आयएसओवर, मग रॅमवर घ्यावा. पोर्ट बदलून, दुसरा पेनड्राइव्ह बनवून पाहावे.

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूटची (खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देण्याची) क्षमता लागते. टीपीएम नाही असा शेरा आला तरी अनेकदा ते फक्त बंद असते. इंटेलच्या बायोसमध्ये पीटीटी आणि एएमडीच्या बायोसमध्ये एफटीपीएम या नावाने ते सापडते. प्रोसेसरच यादीत बसत नसेल तर रजिस्ट्रीत बदल करून अट चुकवता येते, पण अशा यंत्रांना अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार होणाऱ्या लॅपटॉपावर मी हा मार्ग सुचवणार नाही. तिथे लिनक्स बरे.

चौथे ठिकाण फसवे आहे, कारण विंडोज टाकून झालेली असते. पहिल्या रीस्टार्टनंतर इन्स्टॉलर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तर पेनड्राइव्ह काढा, एवढेच. खरा घोळ होतो तो जुना ड्राइव्ह जागेवर ठेवून नव्यावर विंडोज टाकली की. जुन्या ड्राइव्हवर आधीच ईएफआय पार्टिशन असते, आणि विंडोज बऱ्याचदा नव्या ड्राइव्हवर दुसरे न करता बूटची फाइल तिथेच ठेवून देते. आठवडाभर सगळे छान चालते. मग जुना ड्राइव्ह काढला, की ‘बूट करण्याजोगे काही नाही’. एसएसडीवर विंडोज शाबूत असते, तिच्यापर्यंत नेणारी फाइल मात्र टेबलाच्या खणात पडलेली असते.

पुन्हा विंडोज टाकायची गरज नाही. पेनड्राइव्हवरून सुरू करून काळी खिडकी उघडावी. डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ने विंडोजचे पार्टिशन ओळखून निवडावे. त्याचे अक्षर इथे सी असेलच असे नाही, ते टिपून ठेवावे. मग ‘श्रिंक डिझायर्ड=३००’, ‘क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०’, ‘फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२’, ‘असाइन लेटर=एस’, ‘एक्झिट’. शेवटी ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’, अर्थात सीच्या जागी टिपलेले अक्षर. बूटच्या फायली तयार झाल्याचा एक ओळीचा संदेश आला की पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करावे.

इंटरनेटशिवाय पुढे सरकत नाही आणि वायफायचा ड्रायव्हर नाही, अशी अडचण पहिल्या सेटअपमध्ये आली तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करावे. प्रॉडक्ट कीची चिंता नको. लॅपटॉपसोबत विंडोज ८ किंवा नंतरची आली असेल तर की बहुधा मदरबोर्डमध्येच साठवलेली असते, एसएसडी बदलल्याने ती जात नाही. फक्त होम होती तर होमच, प्रो होती तर प्रोच टाकावी.

पूर्वीची विंडोज क्लोन करून, म्हणजे जशीच्या तशी नक्कल करून, आणणाऱ्यांसाठी एक सूचना. साटावरून एनव्हीएमईवर क्लोन केल्यावर पहिल्याच सुरुवातीला निळा पडदा आला, तर रिकव्हरीतून एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यावे. बहुतेक वेळा तेवढ्यात एनव्हीएमईचा ड्रायव्हर जागा होतो. आणि क्लोननंतर दोन्ही ड्राइव्ह एकत्र लावून सुरू करू नये. दोघांची ओळख एकच असल्याने विंडोज गोंधळते.

हे सगळे करण्याआधीचे एक काम मुद्दाम शेवटी लिहितो, कारण ते विसरले तर काहीच परत आणता येत नाही. जुन्या ड्राइव्हवर डेटा कुलूपबंद करणारे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते लॅपटॉप उघडण्याआधी पाहावे. असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहावी. जुना ड्राइव्ह यूएसबी केसमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घालून फोटो आणि कागदपत्रे उतरवायला गेलात की तीच की मागितली जाते. ती नसेल तर जगातला कोणताही दुरुस्तीवाला तो डेटा काढून देऊ शकत नाही.

एसएसडी खरोखर खराब असते तेव्हा ती नीट बसवूनही बायोसमध्ये येत नाही, दुसऱ्या लॅपटॉपात किंवा केसमध्येही दिसत नाही, किंवा दोन वेगळे पेनड्राइव्ह वापरूनही कॉपी होताना मध्येच गायब होते. केस मात्र योग्य प्रकारची घ्यावी. एनव्हीएमई पट्टी फक्त साटासाठी असलेल्या केसमध्ये दिसत नाही, आणि तिथेही दोष बिचाऱ्या पट्टीलाच दिला जातो.

लॅपटॉप कंपन्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत एक विनंती आहे. व्हीएमडीचा ड्रायव्हर सपोर्ट पानावर उलगडलेल्या फोल्डरच्या रूपातही ठेवा, आणि एम डॉट टूच्या जागेत साटा चालते की एनव्हीएमई हे झाकणाच्या आतल्या बाजूला, त्या जागेशेजारीच छापा. विक्रेत्यांनीही एसएसडी हातात देण्याआधी ग्राहकाला लॅपटॉपचे मॉडेल विचारावे.

कळावे,
लॅपटॉप दुरुस्तीच्या कामातील एक वाचक